परबेवरचं नाव

अप्पा, आज ऑफिसात एका कागदावरची सही उद्यावर टाकून, तो कागद घेऊनच घरी आले. उद्या ती करावीच लागेल. तेव्हापासून डोकं भणभणतंय, आणि हे सांगावं असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरीही.

मी जाहिरातीच्या धंद्यात आले, हे तुम्हाला बघावं लागलं नाही ते बरंच. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बियर. महाराष्ट्रात ती कष्टकऱ्यांची कडक, गोव्यात सुट्टीची, बंगळुरात आयटीवाल्या पोरांची. माल एकच, सोंगं निराळी. आणि आपल्या गुजरातेत? इथे तर दारूबंदी. म्हणून इथे तेच नाव, तेच लाल लेबल लावून पाणी विकायचं! मुंबईहून आलेले साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ बोतल नहीं, नाम बेचना है. आँखों में बैठ जाना चाहिए. बंदी तो एक दिन उठेगी ही." लाज कोळून प्यायलेत मेले. दारूला दारू म्हणून विकतात त्यांचा मला एवढा राग येत नाही, पण पाण्याच्या आडून?

पाणी तुमचं होतं, म्हणून जास्त झोंबलं. सुभानपुऱ्यात सोसायटीच्या फाटकाशी तुमची परब. आई तिला पाणपोई म्हणायची, तुम्ही इथल्यांसारखं परबच. रिफायनरीच्या पहिल्या पाळीला निघण्याआधी तुम्ही चारही माठ भरता, त्यांना ओलं गोणपाट गुंडाळता. मी नऊ वर्षांची. एका माठावर खडूने आपलं आडनाव लिहून तुमची वाट बघत उभी आहे, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही येता, वाचता, आणि सगळ्यांदेखत माझ्याच हाताने ते पुसायला लावता. शेजारचे काका म्हणतात, "रहेवा दो ने भाई, छोकरी छे." तुम्ही ऐकत नाही. "तहानलेल्याला आपण नाव विचारतो का? मग आपलं त्याला कशाला सांगायचं?" मी हुंदके देत पुसलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाणी वाढायचा लांब दांड्याचा डोया माझ्या हातात दिलात. तो अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे.

परबही आहे, अप्पा. सोसायटीवाले भरतात. उद्या मी सही केली की माठ जातील, लाल रंगाची टाकी येईल, आणि तिच्यावर हातभर अक्षरांत त्या बियरचं नाव. शाळेतून येणारी पोरं ओंजळ धरून तेच वाचतील. मग हरणीत, पादऱ्यात, सगळीकडे. सोसायटीचे सेक्रेटरी तर फुकटात मिळतंय म्हणून खूश आहेत. "बेन, मफतमां नवी परब मळे छे, पछी शुं?" मला संताप आला होता. पण मी हसले.

हे पत्र कुठे टाकणार? त्याच कागदाखाली सरकवून ठेवते. एवढं चिडून लिहिलं, पण एक गोष्ट टाळली. साहेबांनी विचारलं होतं, "यहाँ लोग आँख मूँदकर किस पर भरोसा करते हैं?" तुमची परब मीच सांगितली, अप्पा, खडूच्या गोष्टीसकट. टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या.