एक वर्ष मागे

१२ जानेवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. गणितात नापास, रसायनात काठावर पास. आईला एवढ्यात सांगू नकोस.

शाळेत सर 'हे येणारच' म्हणून सांगायचे, मी घोकायचे आणि परीक्षेत तेच यायचं. प्रयोगशाळेतल्या बाटल्या तर आम्ही कपाटाच्या काचेतूनच पाहिल्या. आकडे फळ्यावरून उतरवले. इथे कॉलेजात पहिल्याच तासाला ब्युरेटची मापनळी हातात दिली आणि मी ती उलटी धरली. बाईंनी नुसतं बघितलं. माझ्या खोलीतली मुलगी शाळेतच हे सगळं स्वतःच्या हाताने करून आलीय.

विभागप्रमुख म्हणाले, एक तर वर्षभर पायाभूत वर्गात बस, नाहीतर दुसरी वाट धर. महिनाअखेर कळवायचंय. ताई, मी हुशार नव्हतेच गं कधी. मला घरी घेऊन जा.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.
तुझी मुंगी

१९ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

हॉस्पिटलात सलग दोन पाळ्या करून आत्ताच आले. पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आईपासून लपवायला सांगतेस, पण तिने माझा चेहरा बघून पत्रच मागितलं. वाचून घडी घालून उशाखाली ठेवलं. बाबा मात्र शाळेवर भडकले. फाटकावर गुणवंत म्हणून तुझा फोटो अजून लावलेला आहे, तो आत्ताच्या आत्ता काढून आणतो म्हणाले. कसंबसं थोपवलं.

तू हुशार नाहीस हे मला नवीन नाही. चहात मीठ घालणारी तूच. पण शाळेने पाठ कर म्हटलं, ते तू जीव तोडून केलंस. जे शिकवलंच नाही ते येणार कुठून?

घरी आलीस तर दार लावून बसशील, आणि तुला बाहेर ओढून काढायचं त्राण आता माझ्यात नाही. खरंच नाही. त्या वर्गात बस. आई म्हणते, आधी दोन दिवस येऊन नुसती झोप काढून जा.

तुझ्यावर चिडायलाही वेळ नसलेली,
ताई

९ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

वर्गात नाव घातलं. बरोबरीची मुलं पुढे गेली. जिन्यात भेटली की हल्ली कुठे असतेस म्हणून विचारतात. सांगते.

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, अपूर्णांकांची भीती कोणाकोणाला वाटते? कोणी हलेना. मग मागच्या बाकावरून एक हात वर गेला, मग एकेक करत सगळ्यांचे. माझा शेवटचा. सरांनी तिथूनच सुरुवात केली.

दमायला होतं गं. जमायला लागलंय असं अजून म्हणवत नाही. काल एका गणितात अख्खी दुपार गेली आणि उत्तर चुकलंच. पण कुठे चुकलं ते कोणाला न विचारता सापडलं. मी तशीच टेबलावर डोकं टेकून झोपले. खोलीतल्या मुलीने दिवा लावला तेव्हा जाग आली. तोंड धुतलं आणि पुन्हा तेच गणित घेऊन बसले.

सगळ्यांची माया आहे तशीच असू दे.
मुंगी