भाग्यलतेची ओटी

मखमलाबाद, नाशिक
शनिवार, १७ मार्च २००१

चि. वाल्मीक यास गोटीरामदादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? तुमच्या कप्तानसाहेबांचा दमा? जेवण रांधणाऱ्या भंडाऱ्याची कंबर? आणि पुढचे दात पडलेल्या त्या सारंगाने कवळी बसवली का? (खलाशांचा मुकादम दातांशिवाय ओरडणार कसा, ही तुझ्या वहिनीची काळजी.) जहाजाची तब्येत मात्र विचारत नाही. ती मी मंगळवारी माझ्या डोळ्यांनी पाहून आलो.

आम्ही घाटाखाली का उतरलो ते ऐक. यंदा आपली द्राक्षं पहिल्यांदाच थंड डब्यात बसून विलायतेला निघाली. वहिनीचं म्हणणं, पोरीसारखा एकेक घड जपला, आता सासरी धाडायचा तर ओटी नको का भरायला? नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू घेऊन आम्ही माल धाडणाऱ्या एजंटच्या जीपमध्ये बसलो. घोटीला चहा घेऊन जीपपाशी परतलो तेव्हा एजंट कुंकवाच्या पुडीवर बसलेला आढळला. पांढरी पँट होती बिचाऱ्याची. बंदरात दिवसभर लोक त्याला हळहळून वाट देत होते.

बंदरात कळलं की आपला डबा आदल्या दिवशीच गेला. आता आली का पंचाईत! वहिनी ऐकेना. "काढलेली ओटी मी माघारी नेणार नाय. आपल्या देशाचं एखादं जहाज दाखवा, त्याला वाहते." एजंट हसायला लागला. म्हणाला, मावशी, आज धक्क्याला आपलं एकही नाही, सगळी परक्यांची आहेत.

मला हे पटेना. एवढा मोठा देश, एवढा समुद्र, माल आपला, बंदर आपलं, आणि गाडी दुसऱ्याची? तिथे रंगनाथ नावाचा एक पहारेकरी होता, मालवणकडचा, आधी खलाशी होता म्हणे. त्याने समजावलं. आपल्या कंपन्यांची जहाजं म्हातारी झाली, काही भंगारात गेली, काही विकली, नवी घ्यायला धीर होत नाही. माल दरसाल वाढतो, पण तो उचलायला येतात दुसरे. आणि त्या दुसऱ्यांच्या जहाजांवर साहेब आपले, खलाशी आपले. पुढे दिवस पालटतील, असं दर बैठकीत ठरतं म्हणे. (आपल्या सोसायटीच्या बैठकीतही तसंच ठरतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.)

बोलता बोलता माझी नजर समोरच्या जहाजावर गेली. मागे पनामा लिहिलेलं. पनामा म्हणजे आपल्या रावजीच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट, एवढंच मला ठाऊक. पण नव्या नावाच्या रंगाखाली जुनी अक्षरं फुगून वर आली होती. नाव लोखंडावर लोखंडाने जोडलेलं असतं, रंगाने बुजत नाही, असं रंगनाथ म्हणाला. मी हवेत बोट फिरवत वाचलं. बी, एच, ए, जी. वाल्मीक, मी शाळेत इंग्रजी शिकलो नाही. तुझ्या पत्रांच्या पाकिटांवर मागे छापलेलं तुझ्या जहाजाचं भाग्यलता हे नाव वाचून वाचून मी ती अक्षरं शिकलो. ती चुकणार कशी?

आणि तू गेल्याच महिन्यात लिहिलंस की भाग्यलता सिंगापूरला आहे, हवा छान आहे.

रंगनाथ तुला ओळखतो. दसऱ्याला जहाज विकलं, तुम्हाला उतरवलं, तू माझगावला त्याच्याच खोलीत राहतोस आणि रोज सकाळी दाढी करून कंपनीच्या पायऱ्यांवर जाऊन बसतोस, सगळं त्याने सांगितलं. वहिनीने पदर सारून हातावरचं गोंदण पाहिलं. "लग्नात ताटातल्या तांदळात नाव लिहून मला चांगुणाची नवसाबाई केलं. म्हणून आईने गोंदलेली चांगुणा गेली का? ही पण आपलीच लेक हाय."

आता जहाजाची ओटी भरायची कुठे? दोर बांधतात त्या लोखंडी खुंट्यावर तिने खण पसरला, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ आणि नारळ ठेवला. वरून एक गोरा साहेब ओरडला, नारळ फोडू नका असं म्हणत असावा. "ओटीचा नारळ फोडत नसतात, एवढंही याला कळंना," वहिनी म्हणाली. आम्हाला अडवणं हे रंगनाथचं काम होतं. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि आमच्याकडे पाठ केली.

येताना कसारा घाटात एकच विचार डोक्यात घोळत होता. भाग्यलतेला दुसरा मालक मिळाला. ती चालते तरी आहे. तू बसून आहेस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुझा,
गोटीरामदादा

ता. क. हे पत्र जहाजाच्या पत्त्यावर न टाकता माझगावला टाकतोय. विहिरीवरची मोटार बंद पडली आहे, मिस्त्री हात लावायला तयार नाही. बारा वर्षं जहाजाच्या इंजिनात काढलेला माणूस घरचाच असताना मी दुसऱ्याचे पाय का धरू? पाडव्याआधी ये. (मोटारीला काही झालेलं नाही. फ्यूज मी काढून उशीखाली ठेवला आहे. द्राक्षं उतरलीत, बाग चार दिवस दम धरील. फार ताणू नकोस.)

ता. क. दुसरा. वहिनीने पत्र ऐकून घेतलं. म्हणते, एवढा कागद काळा केला, नुसतं 'ये' लिहिलं असतं तर?

ता. क. तिसरा. छायाला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. नवरा सिंगापूरला आहे असंच तिला वाटू दे म्हटलं. आत्ता पाकीट चिकटवायला बसलो, तर तिने डासांच्या मलमाची ट्यूब आणून पुढ्यात ठेवली. म्हणाली, "भाऊजी, हीपण पाठवा. माझगावला डास लय असतात म्हणे." कधीपासून माहीत आहे, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तेव्हा घरात आता लपवायचं कुणापासून काही उरलेलं नाही. मलम संपायच्या आत ये.