तू माझ्यावर रचलेलं गाणं

सुरत, जुलै १९९८

सौ. काशीस, वाल्मिकचा खाटेवरून रामराम.

मी मजेत आहे. भिंत रंगवताना परांचीवरून जरा लवकर खाली आलो, पाय थोडा दुखावला. प्लास्टर मांडीपर्यंत आहे, पण इथले डॉक्टर हौशी आहेत.

शेजारच्या खाटेवर भीखाभाई म्हणून म्हातारे गवंडी आहेत. पाय कापल्यापासून ते जेवत नव्हते, बोलत नव्हते. त्यांच्याकडे बघून माझाही धीर सुटला. तोंडावर चादर घेतली आणि तुझं गाणं आठवलं. भाताच्या लावणीला बायांना हसवायला तू रचलेलं:

नवरा माझा गो शहाणा, आंबा काढाया चढला,
आंबा राहिला फांदीवर, नवराच खाली पडला.

तेव्हा मी रुसून जेवलो नव्हतो. इथं मात्र म्हणता म्हणता माझं मलाच हसू आलं. भीखाभाईंनी विचारलं, "काय गातोस?" मी मोडक्या हिंदीत अर्थ सांगितला. ते एवढे हसले की नर्स धावत आली. तिच्याकडे त्यांनी पेज मागितली.

काशी, मला ती बायांची थट्टा वाटायची. पण ज्या दुखण्याला माणूस हसला, ते मग तेवढं अंगावर येत नाय.

आपल्या धसईला पाऊस बरा आहे ना? लावणीला कोण आलं? आयेला पडल्याचं सांगू नको.

डॉक्टर म्हणतात, थोडा लंगडेन. त्याचंही एक कडवं करून पाठव. माझी लाज राखू नको. इथं चालायला शिकताना म्हणायला पाहिजे.

तुझाच,
वाल्मिक