काकूचं विमान नेसरीत पडतं

९ जून
दुपारी मेडिकल बंद करून आले आणि जेवण बाजूला ठेवून काकूसमोर कॉम्प्युटर मांडला. विमानाचा गेम तिने शेवटपर्यंत नेला! पूल, कारखाना, शेवटचा तो घराएवढा रणगाडा, सगळं. मी नुसती बघत राहिले. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत म्हणे. कुठे झालीत?

रेकॉर्डिंग झालं. फाईल लगेच देसाई सरांना पाठवली.

हे दे. सर प्रकरण लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच आठवणार नाही. कागलला स्टँडजवळ काकांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काकू शटर अर्धं ओढून हाच विमानाचा गेम खेळायची. मशीनवरच्या गुणांच्या यादीत सगळ्यात वर कायम ‘के. के.’. तो निपाणीचा कोणी पोरगा आहे अशी थाप काकाच मारायचे. दुसरा नंबर देसाईचा. तेव्हा कॉलेजात होता, आता नेसरीला शाळेत सर आहे. मागे एका लग्नात भेटले तेव्हा मी सांगून टाकलं, के. के. म्हणजे आमची कमलकाकू. सरांना असा ठसका लागला की पानातली जिलेबी खाली.

म्हणाले, "व्हिडिओ दावू नका, ताई. व्हिडिओ कुणीबी जुळवतंय. खेळाची फाईल पाठवा. माझ्या मशीनवर वैनी शेवटापतूर पोचल्या, तर मानतो."

हे काकूला सांगितल्यापासून ती वेगळीच झाली आहे. इतक्या वर्षांत तिचा खेळ काकांशिवाय कोणी पाहिलेलाच नाही.

१० जून
सरांचा फोन. "अवो, वैनींनी पहिल्याच वळणाला विमान भिंतीत घातलं की!"

फाईलमध्ये चित्र नसतं. काकूने कोणत्या क्षणी दांडी कुठे वळवली, बटण कधी दाबलं, एवढंच असतं. बाकीचा गेम तिकडचं मशीन नव्याने उभा करतं. म्हणजे प्रोग्रॅम तरी दोन्हीकडे एकच हवा. त्यांचा जुना निघाला. आमच्यासारखाच घालायला लावला. परत भिंतीत.

काकूला सांगायलाच नको होतं. "मी? भिंतीत?" एवढंच म्हणाली आणि मेथी निवडत बसली. पानं टाकली, काड्या ठेवल्या.

१२ जून
म्हटलं आपल्याच कॉम्प्युटरवर लावून बघू. इथेही भिंतीत! काकू माझ्या मागे उभी होती. विमान रिकाम्या आभाळात गोळ्या झाडतंय आणि शत्रू भलतीकडूनच येतोय.

"हात माझाच हाय," काकू म्हणाली. "पर समोर दुसरंच कायतरी आलंय."

१३ जून
सापडलं. दे. सरांशी बोलता बोलताच सापडलं. त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडं यादीत वर कोण हाय? आमच्याकडे वरपासून खालपर्यंत के. के. त्यांच्याकडे गेमबरोबर आलेली नावं.

गेम ही यादी लक्षात ठेवतो आणि सुरू होताना ती आठवण घेऊनच सुरू होतो. सुरुवात जरा वेगळी झाली की पुढचे शत्रू वेगळे. काकूचा तो डाव संपल्यावर यादी बदलली. म्हणजे तो ज्या आठवणीवर सुरू झाला होता ती आता आमच्याकडेही नाही. फाईल आहे, डाव गेला. शेवटपर्यंत नेलेला डाव! मला रडूच आलं.

आता उपाय एकच. दर डावाआधी आठवण पुसायची आणि कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून खेळायचं. कोरं मशीन इथलं आणि नेसरीचं सारखंच. पण पुसायची म्हणजे के. के. पण पुसायचं. मी आधी यादीचा फोटो काढला.

"फोटू कशाला? मी कोण हाय ते मला ठावं हाय की. पूस."

सतरा तारखेला तिच्या हाताचं ऑपरेशन. डॉ. म्हणाले, दबलेली नस मोकळी होईल, बोटं पूर्वीसारखी चालतील का ते नंतर बघू. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याआधी.

१४ जून
नाही जमलं. पुलाच्या पुढे जाईना. सारखा हात झटकत होती. मी म्हटलं राहू दे. असं बघितलं माझ्याकडे की...

१५ जून
आज जे पाहिलं ते जन्मभर पुरेल.

मी बजावलं होतं, मधे थांबवायचं नाही, फाईल बिघडायची भीती नको. कारखान्याच्या ऐन धुमश्चक्रीत समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का दारात, विरजण मागायला! मी उठणार, तेवढ्यात काकूने विमान खाली डाव्या कोपऱ्यात नेऊन लावलं आणि दांडी सोडून सरळ उठली. "या की अक्का, बसा." आत गेली, विरजण दिलं, वर त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी. पडद्यावर गोळ्याच गोळ्या. विमानाला एक लागेना! परत आली, पदर खोचला, पुढे सुरू.

"काकू, हे काय होतं?"

"शटर वाजलं की उठायला लागायचं. मशीन कुठं थांबतंय आपल्यासाठी? मग जागा हुडकली."

काकू, तू थोर आहेस. तोंडावर म्हटलं असतं तर धपाटा बसला असता, म्हणून इथे लिहिते.

शेवटच्या रणगाड्यापर्यंत गेली. तिथे बोटांनी दगा दिला आणि शेवटचं विमान पडलं. "एवढंच जमलं. पाठीव," म्हणाली. परत खेळण्याइतका हात उरला नव्हता. पाठवण्याआधी आठवण पुसून दोनदा लावून बघितली. दोन्ही वेळा काकू जशीच्या तशी.

१६ जून
सकाळीच दे. सरांचा फोन. तिकडची आठवण पुसून, फाईल लावूनच बोलत होते. "पहिलं वळण गेलं... पूल गेला... आई शप्पत, ताई, काय हात हाय!" काकू लसूण सोलत होती. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

मग म्हणाले, "परत बिघडलं. विमान कोपऱ्यात गप उभं हाय. बंद करतो."

मी ओरडलेच, "बंद करू नका! काकू विरजण द्यायला गेलीय!"

"आँ?"

"थांबा हो. येईल आता."

फोनवर नुसता गोळ्यांचा आवाज. काकूचा लसूण थांबला होता. आणि मग सर, "हाललं! ताई, हाललं की!" काकू तोंडाला पदर लावून हसली. मला तिचा इतका अभिमान वाटला!

रणगाड्यापाशी ती पडली तेही त्यांनी पाहिलं. शेवटापर्यंत नाहीच पोचली. मानलं की नाही ते मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. म्हणाले, वैनींना द्या.

"वैनी, त्या कोपऱ्यात गोळी का लागत न्हाय? मी तिथंच मरायचो."

"सांगून कळायचं न्हाय, देसाई. या, दावते."

"कवा येऊ?"

फोन डाव्या हातात होता. उजव्या हाताची बोटं ती उघडत होती, मिटत होती. "उद्याचं होऊ दे," म्हणाली.