खारी खांड

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी तुमचं मराठी आठवावं लागतं. पुस्तकातून शिकलेलं, धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. आपली खरी ओळख त्या मराठीमुळेच झाली. मी दोन दिवस शाळेत आले नव्हते आणि तुम्ही कारण विचारलंत. मी म्हटलं, "सिस्टर, खांड पडली." तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "साखर सांडली, तर भरायला दोन दिवस लागतात?" वर्ग खो-खो हसला. शाळेजवळच्या निजामपुऱ्यातल्या, शहरातल्या मुलींनाही खांड म्हणजे साखरच ठाऊक. त्या तुम्हाला नाही, मला हसत होत्या. माझे डोळे भरून आले. खाडीचं उधाण बांध फोडतं, त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो, हे इंग्रजीत सांगायला मला येईना आणि मराठीत सांगायची लाज वाटली.

रविवारची प्रार्थना आटोपून तुम्ही एसटीने आणि पुढे चालत आमच्या गावी, अंजूरला आलात. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. दारात उभ्या राहून म्हणता, "मला ती खांड दाखवा." बा तुम्हाला बांधावर नेतात. मी मागून. नवी माती अजून ओलीच आहे, पलीकडे खाडीचं पाणी. बा हसून सांगतात, "ही खांड साखरेवानी गोर न्हाय, शिस्टर. चाखून बघा, खारी हाय." आणि तुम्ही खरोखरच वाकून पाण्यात बोट बुडवता आणि जिभेला लावता. बा हसायचे थांबले. शाळेतलं कुणी आमच्या खाडीची चव घेईल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मग तुम्ही तिथेच बसलात आणि तुमच्या गावाचं सांगितलंत. तुमचे पणजोबा जर्मनीतले, बोटीने अमेरिकेत गेले. चार-पाच घरांनी मिळून नकाशावर पाहूनच जमीन घेतली. नकाशात शेतं आखलेली होती; जाऊन पाहतात तर घनदाट झाडी आणि गुडघाभर पाणी. पहिल्या वर्षी लाकडाच्या ओंडक्यांची एकच खोपटी, त्यात सगळे. उन्हाळा आला की सगळ्यांना थंडीताप. घरं बांधायच्या आधी त्यांनी चर खणले. चर्च नव्हतं, पण देशाहून आणलेली घंटा होती, ती झाडाला टांगली. कुणाचा चर तुंबला की घंटा वाजायची आणि ज्यांचं आपसात बोलणंही बंद होतं तीही माणसं फावडं घेऊन धावायची. बा मान डोलावत होते. "म्हंजे तुमी पानी भायेर काढता, आमी आत येऊ देत न्हाय. धंदा येकच की!" आमच्याकडे घंटा नव्हती, खांड पडली की पत्र्याचा डबा बडवायचे.

"आता कोन बगतो तुमची जमीन?" बांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"आनि चर?"

"आता जमिनीखाली पाइप आहेत." तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. "पाणी आपोआप जातं. घंटा आता फक्त प्रार्थनेला वाजते."

त्या वयात मला वाटलं, किती छान, कष्टच संपले. तुम्ही निघताना बांनी पिशवीत सुके सोडे, म्हणजे वाळवलेली कोळंबी, बांधून दिले आणि तुम्ही त्यांना पुढे वर्गात माझ्यासमोर "तुमच्या घरची खारी खांड" म्हणालात. मग तो शब्द आपल्या दोघींचाच झाला. पेपरात चांगले गुण पडले की तुम्ही हळूच विचारायचात, "खांड बुजली का?"

परवा दादूस, माझा थोरला भाऊ, आला होता. आमच्या शेताच्या दोन्ही बाजूंनी भराव झालाय, गोदामं उभी आहेत. आपलंही देऊन टाकू म्हणतो. सात-बाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून सही हवी. मी चिडले. "बांनी जन्मभर राखलेला बांध तू विकणार?" त्याने चहाचा कप खाली ठेवला. "राखनार कोन, बाय? या पावसात खांड पडली. मी डबा बडवला, हाका मारल्या. येक मानूस आला न्हाय. ज्यांचा भराव झालाय, त्यांना खांडीचं काय? मी आनि तुजी वयनी, दोघांनी माती टाकली. पुढच्या उधानाला परत गेली." सत्तरीला आलेला माणूस. त्याचे तळहात मी पाहिले, फावड्याच्या घट्ट्यांनी भरलेले.

घंटेचं सांगताना तुमचं ते गप्प होणं मला तेव्हा समजलं, सिस्टर. जमीन जाते याचं दुःख आहेच, पण हाक मारली तर धावून येणारं कुणी उरलं नाही, याचं जास्त. उद्या मी सही करणार आहे. बा काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. तुम्ही काय म्हणाला असतात, ते विचारायला हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे? तुमची कबरही कुठल्या गावी, मला माहीत नाही.

एक मात्र सांगते. दादूस बोलत होता तेव्हा माझी नात शेजारी बसली होती. तो गेल्यावर तिने विचारलं, "आजी, खांड म्हणजे काय गं?" तिला बांधावर न्यायला हवं होतं, पाण्याची चव दाखवायला हवी होती. पण मी थकले होते. मी म्हटलं, "साखर, बाळा."