रोमीच्या पाठीखाली

हूझुम, १२ ऑक्टोबर

ती. मारेनताईस,
बिनपत्त्याच्या भावाचा सा. न. वि. वि.

बिनपत्त्याचा म्हटलं तरी महिनाभर पत्ता आहे, पाकिटावर बघ. समुद्राकाठी एका तबेल्याचं छप्पर नव्यानं घालतोय. मालकीणबाई सकाळ-संध्याकाळ मासेच वाढते. माझी काळी रुंद विजार आणि टोपी बघून पोरं विचारतात, की सर्कस कुठे उतरलीय. आपल्याकडच्या मोहरी लावलेल्या सॉसेजसाठी जीव कासावीस होतो गं. पण सुतारांच्या भटकंतीचा नेम म्हणजे नेम. तीन वर्षं आणि वर एक दिवस घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाय टाकायचा नाही, खिशात फोन ठेवायचा नाही. मोडला तर जन्मभर कुठल्या सुतारापुढे ही टोपी घालायची सोय नाही. अजून हा एक हिवाळा काढायचाय.

काय सांगत होतो? हां. मालकिणीला सांगितलं, की माझी ताई दोघींच्या ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, जर्मनीकडून उतरते. तिला कळेना. मग पावाचा पत्रा अंगणात टाकून दाखवलं, की अशी तिची जोडीदारीण रोमी उताणी, तिच्याखाली अशी ताई उताणी, आणि पाय पुढे करून बर्फाच्या पन्हळीतून मोटारीहून जोरात खाली. तिनं विचारलं, की मग खालचीला दिसतं काय? म्हटलं, वरचीचं हेल्मेट. ती इतकी हसली, की मासा करपला. तोही खाल्ला.

ऑलिम्पिकची निवड कधी आहे? आईला सांग, मोजे पोचले. एक लांब आहे, एक आखूड.

लोभ आहे, त्याला गंज चढू देऊ नये.
तुझा टिल


घर, २७ ऑक्टोबर

चि. टिल यास,
ताईचे अ. उ. आ.

आई म्हणते, मोजे बरोबर आहेत, तुझे पायच लांब-आखूड असतील. रविवारी तिनं बटाट्याचे गोळे केले होते. तुझ्या वाटणीचे रोमीनं खाल्ले, वर तुझ्या नावानं ढेकर दिला. निवड डिसेंबरात आहे, इथल्याच मार्गावर.

आता जे लिहिते ते कुणाला बोलू नकोस. त्या जेवणात रोमीच्या डाव्या हाताशी रश्श्याचं भांडं होतं. तिनं ते सरळ खाली पाडलं. आई म्हणाली, की असू दे, पोरगी दमलीय. पण टिल, मला ते तीन आठवड्यांपासून माहीत आहे. डोळ्यांनी नाही, खांद्यांनी. वळण आलं की रोमीचा खांदा माझ्या खांद्यावर दाबतो, तेवढ्यावरच मी खालून साथ देते. डाव्या वळणाला तो दाब आता उशिरा येतो. इथली वळणं मला अंगानं ठाऊक आहेत, म्हणून मी आधीच दाबते आणि गाडी वळणातून नीट निघते. वेळही कमी लागतो. प्रशिक्षक बुसे खूश आहेत, मला म्हणाले, की रोमी काय सुंदर चालवते बघ.

मी तिला विचारलं. आधी हसली, म्हणाली, की खाली पडून पडून तुझ्या डोक्यात काहीबाही येतं. मग रडली. डाव्या डोळ्यानं कडेचं काही दिसत नाही तिला. ऑलिम्पिक झालं की डॉक्टरकडे जाते म्हणते. माझ्याकडून शपथ घेतली. दोघी सैन्याच्या क्रीडातुकडीत आहोत. तिची गाडी थांबली की माझीही थांबली. शाळेपासून मी तिच्याच पाठीखाली आहे रे, मला दुसरं येतं काय?

तू असतास तर तुला जंगलात नेऊन नुसती ओरडले असते.

माया आहे तशी असू दे.
तुझी मारेन


नाउमबुर्ग, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तबेला अर्धा टाकून दक्षिणेला निघालो. वाटेत एका पाववाल्यानं बसवून घेतलं. त्याचा कुत्रा तीन पायांचा, तरी मांजरं पळवतो. पण ते राहू दे.

बुसेंना सांग. सांगूनच टाक. हे लिहिलं, मग वाटलं, मी कोण सांगणार? आमच्याकडे दोघं तुळई उतरवतात तेव्हा मागच्याला जिना दिसत नाही, पुढचा म्हणेल तिथे पाय टाकायचा. पुढचा चुकला तर मागच्यानं ओरडायचं, असं उस्ताद सांगतो. पण तुळई सोडायची कशी, ते नाही सांगत. सोडली तर पुढच्याच्याच अंगावर जाते.

इथल्या रेल्वे स्टेशनवर फोन आहे. दोनदा बुसेंचा नंबर फिरवला, दोनदा ठेवला. तू विश्वासानं सांगितलंस, आता माझे हात तुझ्यापेक्षा घट्ट बांधलेत. एवढा जवळ येऊन उपयोग शून्य.

रागावू नये, लोभ करीत राहावे.
टिल


घर, १६ डिसेंबर

चि. टिल यास अ. उ. आ.

आम्ही जिंकलो. पहिल्या आलो. चौकात गावानं फलक लावलाय, बेकरीवाल्यानं आमच्या दोघींच्या चेहऱ्यांची बिस्किटं केलीत. माझं नाक करपलंय. आई फोनवर सगळ्यांना सांगते, की माझी पोरगी ऑलिम्पिकला निघाली.

मला हरायचं होतं, टिल. दुसऱ्या फेरीत वाटलं, एक वळण सोडून द्यावं, नुसता खांदा सैल ठेवावा. पण अंगानं ऐकलं नाही. ते आपलं आधीच दाबून मोकळं झालं. इथे जिंकलो ते माझ्या पाठीच्या बळावर, आणि तिकडचा मार्ग कोरा आहे. तिथल्या वळणावर मी एकदाही गेलेली नाही. वरचीला अर्धं दिसणार, खालचीला काहीच नाही.

रोमीला म्हटलं, तूच सांग बुसेंना. ती म्हणाली, की तू आहेस ना खाली, मग मला कसली भीती. आणि माझ्या गळ्यात पडली.

ऊब राहील असं राहा, माया ठेव.
तुझी मारेन


खेळाडूंचं गाव, ८ फेब्रुवारी

चि. टिल यास आशीर्वाद.

तुझं जानेवारीचं पत्र इथेच मिळालं. त्या वाकड्या मनोऱ्याची हकीगत मी दोनदा वाचली, त्यात माझ्याबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून बरं वाटलं.

काल सरावाची पहिली फेरी होती. सुरुवातीला रोमी पुढे बसते, मी तिच्या मागे. निघण्याआधी ती विचारते, तयार? मी म्हणते, तयार. मग दोघी मिळून गाडी झोकतो. शाळेपासून एकदाही चुकलं नाही. हिरवा दिवा लागला, घड्याळ सुरू झालं. तिनं विचारलं.

मी बोलले नाही.

तिनं परत विचारलं. मागे वळून बघितलं, तेही उजवीकडूनच. बुसे कठड्यावरून ओरडत होते. मी झोक देताना धरायचा पट्टा धरला नाही, शपथही मोडली नाही, तोंडच उघडलं नाही. निघायची मुदत संपली, दिवा लाल झाला.

तिचं ते एकाच बाजूनं बघणं बुसेंच्या नजरेत आलं. मग डॉक्टर, तपासण्या, कागद. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय म्हणतात, आणखी आदळली असती तर डोळा गेला असता. वाचलेला कितपत बघेल ते माहीत नाही. पण रोमी त्याबद्दल बोलत नाही. माझ्याशी कशाबद्दलच बोलत नाही. आमची गाडी बंद, आमच्या जागी दुसरी जोडी उतरणार. रोमीनं आपला पलंग दुसऱ्या खोलीत हलवला, जाताना मी तिच्या डाव्या हाताला उभी होते आणि तिचा धक्का लागला. चुकून की मुद्दाम, कळलं नाही.

परवा घरी पोचेन. फलक अजून तसाच आहे, आई म्हणते.
मारेन


वायमार, १४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीन कागद फाडले, हा चौथा. शहाणपणाचं काही नाही माझ्याकडे. कधीच नव्हतं.

वायमार माझ्या पन्नास किलोमीटरच्या हद्दीच्या जेमतेम बाहेर आहे. इथे एका शाळेचा जिना दुरुस्त करतोय. शनिवारी काम नसतं. स्टेशनसमोर सॉसेजची गाडी लागते, मोहरी आपल्याकडच्यासारखी नाही, पण चालेल. मला आत यायला बंदी आहे, ताई, तुला बाहेर यायला नाही. सकाळच्या गाडीनं ये. जंगल आपलं नाही, पण इथेही आहे. मागे जाऊन ओरड.

रोमीलाही विचार. नाही म्हणेल. तरी विचार.

वाट बघतोय, लोभ आपला चालत येऊ दे.
टिल