सरळ बोटांची मूठ

रोहा,
चैत्र सरत आला

प्रिय मुसा,

तुला कान्हूचा सलाम आणि तुझ्या रंभावहिनीचा नमस्कार. तिकडच्या उन्हात तब्येत सांभाळून आहेस ना? इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. अजीजाच्या निकाहाची तारीख जवळ आली. शरीफाभाभी दिवसभर तांदूळ निवडताना दिसतात. तुझं पत्र मिळालं. ‘कंपनी रजा देत नाही, तू झकास फोटो काढून पाठव, मी त्यातच लग्न बघेन,’ असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

झालं असं, की माघात निडीला एका लग्नात सगळं वऱ्हाड एका फोटोत मावेना. मी मागे सरकत गेलो आणि ओट्यावरून उताणा पडलो. आपटल्यावर बटण दाबलं गेलं. (फोटो फार सुंदर आला. सगळं वऱ्हाड वाकून खाली बघतंय, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. माझ्या फोटोत माणसं इतकी जिवंत कधीच दिसली नव्हती.) मोडलेलं मनगट जुळलं, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. तू पाठवलेला जपानी कॅमेरा वजनदार, त्याला धरायला नीट जागा नाही, आणि बटणही नेमकं उजवीकडे. धरला की घसरतो.

म्हणून म्हटलं, कॅमेऱ्याला माझ्या हाताच्या मापाची मूठ बसवून घ्यावी. आधी बाजारात चपला शिवणाऱ्या नाथाकडे गेलो. त्यानं मन लावून कातड्याची मूठ शिवली, वर दोन टाके मारले. धरायला बरी होती. पण पहिल्याच साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या मामानं विचारलं, की हा माणूस आमच्यासमोर चप्पल उगारून का उभा आहे. भोवती माणसं जमलेली बघून मी ती मूठ तिथंच उसवली.

मग एस.टी.नं पेणला उतरून हमरापूरला गोविंदाकडे गेलो. आयुष्यभर गणपती घडवणारा माणूस, हाताचं माप त्याच्याहून कोणाला कळणार? त्यानं शाडूचा गोळा मळला आणि म्हणाला, ‘दाब हात.’ मी माझी वाकडी बोटं त्यात जशीच्या तशी रुतवली. त्यावरून कागदाच्या लगद्याची हलकी मूठ करून ठेवतो म्हणाला. मुसा, त्या दिवशी परतताना मी गाडीत चक्क गुणगुणत होतो.

मूठ आणायला गेलो तर काय बघतो, चारही बोटांच्या खाचा सरळ, गुबगुबीत, देवाच्या हाताला शोभतील अशा. रंगही मूर्तीच्या अंगाचा, कडेला सोनेरी रेघ. (लग्नात कोणी त्यावर फूल वाहिलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.) मी म्हटलं, अरे गोविंदा, माझी बोटं वाकडी आहेत. तर तो म्हणतो, ‘ती दिसली मला. शाडूतच सरळ केली. वाकड्या बोटाचा हात माझ्या कारखान्यातून कधी गेला नाय, आन् जायचा नाय.’ चुकलंय हे त्याला पटेचना. उलट मीच आभार मानेन म्हणून वाट बघत होता. चहा घेतला आणि निघालो. हमरापूरच्या थांब्यावर बसून मात्र रडलो, तुला सांगायला लाज कसली.

ती मूठ रंभाच्या हातात अगदी चपखल बसते. म्हणून तिला शिकवून पाहिलं. रोल धुतला तर सगळ्या आळीचे पाय आले. स्वच्छ, रेखीव पाय, पण त्यांत तुझी लेक तुला ओळखू येणार नाही.

तुझा,
कान्हू

ता. क. – तेव्हा फोटोंच्या भरवशावर राहू नकोस. तू स्वतः ये. मागच्या ईदला कंपनी सोडत नाही म्हणालास, शरीफाभाभींच्या आजारपणातही तेच म्हणालास. मी दर वेळी फोटो पाठवले आणि तुझं भागलं. तुला न येण्याची सवय मीच लावली असं वाटतं.

आणखी ता. क. – पेणचा फोटोग्राफर बोलवायचं मनात आणू नकोस. लग्न लांबलं, असं मी त्याला कळवून टाकलं आहे.

शेवटचं – माझ्या हातात पेनही टिकत नाही. मी सांगतोय आणि अजीजा लिहितेय. आता थोडी जागा उरली आहे, ती तिला हवी म्हणते.

अब्बा, कान्हूकाकांनी सांगितलं तसंच सगळं लिहिलंय. तुम्ही कंपनीकडे रजा मागितली तरी होती का? अम्मी म्हणते, असलं विचारू नये. मी विचारतेय.